सातवा खिळा

१

फोन आला तेव्हा आईच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरी हातात. ती शेवटपर्यंत हातातच राहिली.

"शक्यच नाही," ती म्हणत होती. "फळी भरलेली होती. मी स्वतः पाहिली. वीसच्या वीस."

पलीकडून कुणीतरी बराच वेळ बोलत राहिलं. मग आई दारातच खाली बसली.

आदल्या दिवशीच्या सहलीतले एक काका बुरुजामागच्या खडकांत सापडले होते. घोटा मोडलेला. पडल्यावर त्यांना उठता आलं नसणार, आणि भरती काही थांबत नाही. मासेमारीच्या होडीवाल्यांनी पहाटे पाहिलं. काका एकटेच आले होते, निळी टोपी घालून. पोस्टमन होते, निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशात आमचा बिल्ला होता. नंबर सात.

इथे फळीचं सांगायलाच हवं, कारण सगळी गोष्ट त्या फळीवरच लटकलेली आहे. आई जुन्या शहराची सहल काढणाऱ्या कचेरीत गाईड आहे. दुपारी दोनला निघायचं. आधी जकात कचेरी, मग तटबंदी, मग दीपगृह, आणि शेवटी किनारा आणि पाण्यात शिरलेला बुरूज. बुरुजावर जायला दगडी वाट आहे, ती भरतीला बुडते. निघताना प्रत्येकाला नंबराचा बिल्ला मिळतो. परत आल्यावर कचेरीतल्या लाकडी फळीवर ज्याच्या त्याच्या नंबराच्या खिळ्याला तो अडकवायचा. वीस खिळे, वीस बिल्ले. बसमध्ये डोकी मोजून उपयोग नसतो, कारण परतताना काहीजण बाजाराच्या वेशीपाशीच उतरतात. त्यांचे बिल्ले ड्रायव्हर गोळा करून आणतो. म्हणून सगळा भरवसा फळीवर. खिळा रिकामा दिसला तर गाडी उलटी फिरवायची. चाळीस वर्षं हेच चालत आलंय, आणि चाळीस वर्षांत मागे कुणी राहिलं नव्हतं.

आई तशीच कचेरीत गेली. मी शाळेत गेले, पण भूगोलाच्या तासाला नकाशात सगळीकडे मला पाणीच दिसत होतं.

दुपारी कचेरीत पोचले तर मालक फळीसमोर उभे होते. सातचा खिळा रिकामा होता.

"सकाळी दहाला आलो तेव्हाही असाच होता," मालक म्हणाले. "बाई, तुम्ही म्हणता भरलेली होती. मग बिल्ला त्यांच्या खिशात कसा?"

आईनं फळीकडे पाहिलंसुद्धा नाही. "चुकलं माझं," ती म्हणाली. "नीट बघितलं नसेल मी."

माझ्या आईला मी चौदा वर्षं ओळखते. तिनं एकदा सांगितलं की सांगितलं. भाजीवाल्याशी, शाळेशी, बाबा होते तेव्हा बाबांशीसुद्धा. सकाळी 'शक्यच नाही' म्हणणाऱ्या बाईनं दुपारी शब्द फिरवला होता.

२

सोमवारी पर्यटन कार्यालयात सुनावणी होती. आईचा गाईडचा परवाना जाणार हे सगळे धरूनच चालले होते. आईसुद्धा. घरात आम्ही तिघं, आई, मी आणि आईचे वडील, माझे आबा. परवाना गेला तर काय, हे कुणी बोलत नव्हतं. आई कपाटातला गणवेश इस्त्री करून, घडी घालून अगदी खालच्या कप्प्यात ठेवत होती. हिवाळ्याचे कपडे ठेवतो तसा.

"तू सकाळी फोनवर वेगळं बोललीस," मी म्हटलं.

"सकाळी माणूस काहीही बोलतो."

"तू नाही बोलत."

"अभ्यास कर," आई म्हणाली. संपलं.

आबा खिडकीपाशी बसले होते. आबा म्हणजे या कचेरीचे पहिले गाईड. आईला सगळं त्यांनीच शिकवलं. हल्ली त्यांना विसर पडतो. दुपारचं जेवण झालंय की व्हायचंय, हे ते भांड्यांकडे बघून ठरवतात. तरी रोज चारला कचेरीत जाऊन आपल्या खुर्चीत बसतात आणि परतणाऱ्या पाहुण्यांना "या, या" म्हणतात.

"काय झालंय गं?" त्यांनी मला विचारलं. "घरात सुतक असल्यासारखं."

"एक पाहुणे मागे राहिले, आबा. गेले ते."

"मागे राहिले?" त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि अर्ध्या वाटेतून परत आला. "आपल्याकडे मागे कुणी राहत नाही."

दिवसभरात हे मी त्यांना तिसऱ्यांदा सांगत होते. तिन्ही वेळा त्यांना तेवढंच वाईट वाटलं.

त्या दिवशी मी ठरवलं, आई बोलणार नसेल तर मीच शोधते. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मला वाटायला लागलंय की कुणालाही काहीही विचारायला काय हरकत आहे. फार तर हाकलतील.

३

पहिले तात्या. म्हणजे आमचे बसचे ड्रायव्हर. बस धूत होते.

"या बॅरिस्टर," तात्या म्हणाले. त्या स्पर्धेपासून ते मला हेच म्हणतात. पण आज आवाजात मजा नव्हती.

"तात्या, वेशीपाशी किती उतरले?"

"सहा. सहा बिल्ले घेतले, सहा अडकवले. तुला काय वाटतं, मी खिशात जादाचे घेऊन फिरतो?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"मालक म्हणाले. घरी जायची घाई असते मला, म्हणून." त्यांनी फडकं पिळलं, गरजेपेक्षा जास्त. "घाई असते. बायको आजारी आहे, घाई असणारच. पण माणूस टाकून येईन का गं मी?"

"मग कचेरीत तुम्ही फळी पाहिलीत का?"

"माझे सहा लावले आणि गाडी लावायला गेलो. बाकीचे तेरा पाहुणे आपापले लावत होते, धक्काबुक्की नुसती. तुझी आई बाहेर त्यांना गाड्या गाठून देत होती. आत फक्त आबा. ते आपले या, या." मग हळूच म्हणाले, "एक सांगू? गाडीत ते नव्हते हे मला कळायला हवं होतं. येताना त्यांनी माझ्याशी गप्पा मारल्या होत्या. पत्ता नीट नसलेली पत्रं कशी पोचवायचे, ते सांगत होते."

सहा आणि तेरा, एकोणीस. विसावा बिल्ला पाण्यात. मग वीस कुठून?

दुसरी फोटोवाली ताई. ती सहलीबरोबर जाते, किनाऱ्यावर सगळ्यांचे फोटो काढते आणि स्कूटरवरून आधी येऊन छापून ठेवते. मी दुकानात गेले तर तिनं संगणकाचा पडदाच बंद केला.

"मला काही माहीत नाही," ती म्हणाली. मी अजून काही विचारलंही नव्हतं.

"ताई, तू रडतेयस."

"शाईचा वास लागतो."

मी स्टुलावर बसून राहिले. गप्प बसलं की माणसं बोलतात, हे मला आईकडून कळलंय. तिच्या गप्प बसण्यापुढे मी नेहमी सगळं ओकते.

"त्यांनी विचारलं, सूर्य मावळताना कुठून चांगला दिसेल," शेवटी ताई म्हणाली. "बायकोबरोबर आले होते म्हणे पूर्वी, तेव्हा ढग होते. मी बुरूज दाखवला. मीच. म्हटलं, मागच्या बाजूनं जा, गर्दी नसते. मला वाटलं, जागा बघतील आणि बस सुटायच्या आत येतील." तिनं नाक पुसलं. "हे तू कुणाला सांगणार असशील तर सांग."

मी सांगणार नव्हते. मी तिच्या दंडाला हात लावला आणि विचारलं, "त्या संध्याकाळी कचेरीत फोटो काढलास का एखादा?"

ताईनं पडदा सुरू केला. एक नवरा-बायको फोटो घ्यायला कचेरीत आले होते, त्यांचा तिनं तिथेच आणखी एक काढला होता. ते दोघं हसत होते. वेळ पाच बावन्न. आणि त्यांच्या खांद्यांवरून मागे फळी दिसत होती. मी बोटानं मोजत गेले. एक खिळाही रिकामा नव्हता.

आई खरं बोलत होती. मला उड्या माराव्याशा वाटल्या. मग ताईनं चित्र मोठं केलं आणि मला उड्या माराव्याशा वाटेनात.

एकोणीस बिल्ले पांढुरके चमकत होते. सातच्या खिळ्यावरचा पिवळट होता.

४

फोटोची प्रत घेऊन मी परत तात्यांकडे धावले.

"पिवळा?" त्यांनी फोटो उजेडात धरला. "हा पितळी दिसतोय. जुना. सहा वर्षांमागे मालकांनी अॅल्युमिनियमचे नवे केले तेव्हा जुने सगळे मोडीत गेले. मीच पोतं उचललं होतं. तुझ्या आबांची नोकरी संपली ना, त्याच्या दुसऱ्या..."

तात्या थांबले. मीही थांबले.

"बॅरिस्टर," ते म्हणाले, "आता घरी जा."

मी चालत गेले. मुद्दाम लांबच्या रस्त्यानं, तटबंदीच्या कडेनं, कारण पोचायचंच नव्हतं. पर्यटक तोफांवर बसून फोटो काढत होते. मी डोक्यात सगळं लावत होते. संध्याकाळी खिळ्यावर सात होता आणि सकाळी दहाला नव्हता. म्हणजे कुणीतरी तो लावला आणि कुणीतरी काढला. कचेरीची किल्ली दोघांकडेच असते. मालक दहाला आले. आई आठला. फोनवर तिला कळलं होतं की सात नंबर त्या काकांच्या खिशात आहे. कुलूप उघडून तिनं फळीकडे पाहिलं असणार, आणि तिथेही सात. एक क्षण तिला काहीच कळलं नसेल. मग कळलं असेल.

अंगणात दोरीवर आबांचे शर्ट वाळत होते. सगळे एकाच मापाचे, एकाच पांढऱ्या रंगाचे. प्रत्येकाच्या खिशाच्या तळाशी कापड विरून गोल डाग पडलेला होता, वाटीच्या बुडाएवढा.

मी लहान असताना त्या खिशावर कान ठेवायचे. आत काहीतरी गोल, थंड असायचं. आबा दिवसातून शंभरदा त्यावर थोपटायचे. मला वाटायचं मेडल आहे. "काय आहे आबा?" विचारलं की म्हणायचे, "माझी नोकरी."

गेले चार दिवस आबांनी खिशावर थोपटलं नव्हतं. हात जायचा आणि अर्ध्या वाटेतून परत यायचा.

५

"आबा, तुमची नोकरी कुठाय?"

आबा शेंगा सोलत होते. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग मला जवळ बोलावलं.

"कुणाला सांगू नकोस. परत केली."

"कुणाला?"

"कचेरीला. अगं, चोरीच होती ती. माझ्या शेवटच्या दिवशी सगळ्यात शेवटी सात नंबर परत आला. एका म्हातारीनं हातात ठेवला माझ्या. तो मी लावलाच नाही. खिशात टाकला. म्हटलं, एवढी वर्षं केली, एक बिल्ला राहू दे." एक शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली. "परवा बघतो तर सगळी फळी भरली आणि सातचा खिळा रिकामा. सगळे निघून गेले, मी उभा राहिलो, बराच वेळ उभा राहिलो. म्हटलं, कुणीतरी येईल, लावेल. कोण येणार? सात तर माझ्याच खिशात. माझ्यामुळे ती पोर उगीच गाडी फिरवेल, लोकांना शोधत बसेल. म्हणून लावून टाकला. बरं वाटलं बघ."

ती पोर म्हणजे आई. सहा वर्षांमागे नवे बिल्ले आले हे आबांच्या डोक्यातून पुसून गेलं होतं.

मी त्यांच्या शेजारी बसून शेंगा सोलायला लागले. पाच बावन्नला फळी भरलेली होती. सहाला आईनं कुलूप लावलं. तिथून बुरूज वीस मिनिटं. भरती सव्वासातची. हे गणित मी केलं आणि परत केलं. दर वेळी ते काका वाचत होते.

मागे चाहूल लागली. आई दारात होती, तिनं ऐकलं होतं. तिनं कमरेची पिशवी उघडली आणि माझ्या तळहातावर पितळी सात ठेवला. झिजून झिजून आकडा जेमतेम कळत होता.

आम्ही स्वयंपाकघरात गेलो.

"फोटो आहे माझ्याकडे," मी म्हटलं. "फळी भरलेली होती हे दिसतं त्यात."

"आणि दाखवलास की पुढचा प्रश्न कुणाला विचारतील?"

"पण परवाना जाईल आई."

"जाऊ दे."

"तुझी चूक नाहीये."

"आहे," आई म्हणाली. ती ओट्याला टेकली होती. "बिल्ला पितळी होता आणि मला दिसला नाही. का दिसला नाही? कारण मी खिळे मोजले. त्या माणसाबरोबर चार तास हिंडले मी. निळी टोपी दिसत नाही, हे मला फळीनं का सांगावं लागावं?" मग म्हणाली, "आबांना हे कळता कामा नये. ते कुणाला मागे सोडून आले नाहीत कधी. तेवढंच उरलंय त्यांच्याकडे."

मी फोटो दप्तरात, गणिताच्या वहीत घातला. इतके दिवस मला वाटत होतं की शोधून काढलं की संपतं.

६

शनिवारी त्या काकांची मुलगी कचेरीत आली. नर्स होती. वडिलांची पिशवी न्यायला आली होती. भांडायला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

मालकांनी खुर्ची दिली. ती बसली नाही. तात्या दारात उभे होते, आई फळीपाशी. आबा आपल्या खुर्चीत.

"मला चौकशीचं काही नाही," ती म्हणाली. "एवढंच विचारायचंय. वीस माणसं होती. ते नाहीत हे एकालाही जाणवलं नाही का? घरीसुद्धा ते असेच असायचे. असले काय, नसले काय, आवाज नसायचा. मी रोज सगळ्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळते. त्यांना फोन करायला विसरायचे. म्हणून विचारतेय. कुणालाच नाही?"

तात्या खाली बघत होते. माझ्या दप्तरात उत्तर होतं, आणि आईचे डोळे माझ्यावर होते.

"सात ना?" आबा म्हणाले.

"आबा," आई म्हणाली.

"थांब गं. ती विचारतेय." आबा खुर्चीच्या हाताला धरून उभे राहिले. "पोरी, मला दिसलं. सगळे बिल्ले आले, सात नाही आला. मी उभा होतो इथे. बराच वेळ. वाट बघितली मी त्याची."

"मग?" मुलगी म्हणाली.

"मग मी माझा लावला. माझ्याकडे होता ना सात." त्यांचा हात खिशाकडे गेला. तिथे काही नव्हतं. त्यांनी फळीकडे पाहिलं. रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग परत मुलीकडे, आणि मी माझ्या आयुष्यात कुणाचा चेहरा इतका हळू बदलताना पाहिलेला नाही.

"म्हणजे तो..." आबा म्हणाले. "तो यायचाच होता."

आई त्यांच्याजवळ पोचायच्या आत ती मुलगी पोचली. नर्सच ती. एक हात पाठीला, एक कोपराखाली. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. आबांचे ओठ हलत होते. ती म्हणाली, "तुम्ही वाट बघितलीत." आबांनी मान हलवली. ती रडायला लागली, पण त्यांचा हात तिनं सोडला नाही.

जाताना तिनं आईला सांगितलं, "सोमवारी खरं तेच सांगा. माझी हरकत नाही."

७

आईनं खरं सांगितलं. पितळी सात आणि फोटो, दोन्ही टेबलावर ठेवून. परवाना राहिला, सहल तीन महिने बंद राहिली. बिल्ले गेले, फळीही उतरवली. आता बसमध्ये बसल्यावर प्रत्येकानं आपला नंबर मोठ्यानं म्हणायचा आणि आई चेहरा बघून पुढे सरकते. बाजारापाशी आता कुणाला उतरू देत नाहीत.

सात नंबर आम्ही कुणाला देत नाही. ते आईनं ठरवलं.

आबांना त्या शनिवारचं काही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला विचारलं, घरात सुतक असल्यासारखं का आहे. आईनं देवापुढे हात जोडावेत तसे माझ्यासमोर जोडले, आणि मी म्हटलं, काही नाही आबा. पण सगळंच पुसलं गेलेलं नाही. आता ते कचेरीत बसत नाहीत, सहलीबरोबर येतात, तात्यांच्या मागच्या सीटवर. शनिवार-रविवारी मीही जाते.

किनाऱ्यावरून निघताना मोजणी सुरू होते. पाच. सहा. आठ.

"थांबा," आबा म्हणतात. "सात राहिलाय."

रोज म्हणतात. नवीन पाहुणे एकमेकांकडे बघतात. तात्या इंजिन बंद करतात. आई खाली उतरते, दगडी वाटेनं बुरुजापर्यंत जाते, मागच्या बाजूला वाकून बघते आणि परत येते. तेवढा वेळ आम्ही सगळे खिडक्यांतून तिकडेच बघत बसतो.